क्रेटमधून येणारी छोटी चिनी मोटारसायकल: घेण्याआधी काय पाहायचं, घेतल्यावर काय करायचं

१२५ ते २५० सीसीच्या चिनी मोटारसायकली जगभर विकल्या जातात आणि त्यांच्याबद्दलची मतं दोन टोकांची असतात. एकाची गाडी वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालते, दुसऱ्याची तीच गाडी महिन्याभरात उभी राहते. बहुतेक वेळा दोन्हींचं इंजिन एकच असतं. फरक पडतो तो गाडी कारखान्यातून निघाल्यावर आणि रस्त्यावर येण्याआधी तिच्यावर कोणी किती तास घातले, यानं. किंमत कमी ठेवण्यासाठी जे काम वगळलेलं असतं (शेवटची जोडणी, प्रत्येक बोल्ट नेमका आवळणं, ग्रीस भरणं, कार्बोरेटर जुळवणं) ते काम गाडीबरोबर क्रेटमध्ये बसून तुमच्याकडे येतं. दोन पूर्ण दिवस, बऱ्यापैकी पान्यांचा सेट आणि हात काळे करायची तयारी असेल तर या गाड्या पैशाचा पूर्ण मोबदला देतात. रोज सकाळी कामावर जायला हीच एक गाडी असेल आणि पाना हातात धरायची इच्छा नसेल, तर सरळ दुसरं काही घ्या.

'परदेशी म्हणजे कच्ची' हे समीकरण मात्र डोक्यातून काढा. चीनच्या चोंगचिंगमधली लोन्सिन कंपनी बीएमडब्ल्यूसाठी सी ४०० स्कूटर बनवते, ऑस्ट्रियाच्या केटीएमच्या ३९० मालिकेतल्या गाड्या चाकणमध्ये तयार होतात. गाडी कुठल्या देशात बनली यापेक्षा शेवटच्या टप्प्यावर ती कोणी तपासली, हे जास्त महत्त्वाचं.

टाकीवरचं नाव नको, इंजिनाचा नंबर वाचा

एकच गाडी चार देशांत चार नावांनी विकली जाते. आयात करणारा व्यापारी स्वतःचं स्टिकर लावतो, दोन-तीन वर्षांनी तो धंदा बंद करतो आणि टाकीवरच्या नावाने स्पेअर शोधणारा मालक हवालदिल होतो. म्हणून खरेदीआधी इंजिनावर कोरलेला कोड बघा. १६३एफएमएल असं काहीतरी लिहिलेलं असेल. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर. ६३ म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मिलिमीटरमध्ये, पूर्णांकात, प्रत्यक्षात ६३.५. एफ म्हणजे हवेने थंड होणारं, एम म्हणजे मोटारसायकलचं, आणि शेवटचं अक्षर क्षमतेचा गट सांगतं: आय १२५, जे १५०, एल २००, एम २५०. मधला एफ नसेल, म्हणजे नुसतं १७२एमएम असेल, तर इंजिन पाण्याने थंड होणारं आहे.

या कोडमधून जाहिरातीतली एक गंमतही उघडी पडते. १६७एफएमएम इंजिनाचा बोअर ६७ आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ६५ मिमी. हिशोब केला तर क्षमता २२९ सीसी येते, आणि गाडीवर मात्र '२५०' लिहिलेलं असतं. इंजिन वाईट नाही, पण २५० सीसीच्या ताकदीची अपेक्षा ठेवून घेऊ नका. विमा आणि नोंदणीच्या कागदांवर खरी क्षमता आली आहे ना, तेही बघा.

स्वस्त गटातली बरीचशी इंजिनं होंडाने १९७६ मध्ये आणलेल्या सीजी१२५ च्या वंशातली आहेत. त्यात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) वर हेडमध्ये नसतो. खालच्या कॅमवरून पुशरॉड वर जाऊन व्हॉल्व्ह उघडतात. जोरात फिरवायला हे इंजिन नाराज, पण ताणली जाणारी टायमिंग चेन त्यात नाही, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) घरी होतं आणि पिस्टनपासून गॅस्केटपर्यंत सगळं कुठल्या ना कुठल्या नावाने मिळतं. पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याने हेच निवडावं. हायवेवर तासन्‌तास एका वेगाने जायचं असेल तर ओव्हरहेड कॅम आणि कंपन कमी करणारा बॅलन्स शाफ्ट असलेलं इंजिन जास्त सुखाचं. पाण्याने थंड होणारी इंजिनं ताकद जास्त देतात, पण त्यांच्याबरोबर रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, पंख्याचा स्विच एवढ्या बिघडण्याच्या जागाही वाढतात.

विक्रेत्याला पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. त्याला पाच वस्तू विचारा: क्लच केबल, पुढचे ब्रेक पॅड, सीडीआय (प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा), रेक्टिफायर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा), डाव्या बाजूचं इंजिन कव्हर गॅस्केट. या पाचही शेल्फवर असतील तर तो दुकानदार. 'मागवून देऊ' म्हणाला तर तो फक्त गाडी विकणारा आहे, आणि किमतीत तेवढी घासाघीस करा.

कागद आधी, गाडी नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. गाडी दिसायला रस्त्यावरची, हेडलाइट आहे, इंडिकेटर आहेत, पण उत्पादकाने दिलेल्या मूळ दाखल्यावर 'फक्त ऑफ-रोड' असा शेरा असतो. अशा गाडीला पुढे कितीही सामान लावलं तरी बहुतेक ठिकाणी रस्त्यावरची नोंदणी मिळत नाही. पैसे देण्याआधी दाखल्याची प्रत मागा, पावतीची नाही. युरोपियन युनियनमध्ये त्या मॉडेलचं कन्फर्मिटी सर्टिफिकेट हवं. अमेरिकेत उत्पादकाचं स्टेटमेंट ऑफ ओरिजिन आणि फ्रेमवर उत्सर्जनाचं लेबल. प्रत्येक देशाचा कागद वेगळा असतो, त्यामुळे तुमच्या नोंदणी कार्यालयात त्याच मॉडेलची गाडी आधी नोंदवली गेली आहे का, एवढं विचारलं तरी निम्मी काळजी मिटते.

लायसन्सचा वर्गही बघून घ्या. युरोपात ए१ वर्गासाठी १२५ सीसी आणि ११ किलोवॉट ही मर्यादा आहे, शिवाय दर किलो वजनामागे ०.१ किलोवॉटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. शंभर किलोच्या गाडीला म्हणूनच १० किलोवॉटच्या पुढे जाता येत नाही.

चासी नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि चीनमध्ये बनलेल्या गाडीचा बहुधा 'एल'ने सुरू होतो. दहावं अक्षर बहुतेक उत्पादक मॉडेल वर्षासाठी वापरतात: आर २०२४, एस २०२५, टी २०२६. गोदामात दोन वर्षं पडून राहिलेली गाडी 'नवी' म्हणून विकली जात असेल तर ती इथे पकडता येते. तशी गाडी घ्यायला हरकत नाही, पण बॅटरी, टायर आणि कार्बोरेटरमधले रबर यांचं वय धरून भाव करा.

क्रेट दारात आला की सही करण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा. लाकूड किंवा लोखंडी सांगाडा वाकलेला असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर तसं लिहूनच सही करा. उघडल्यावर पहिलं काम: हँडलखाली फ्रेमच्या मानेवर कोरलेला चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी एकेक अक्षर ताडून पाहणं. एक आकडा चुकला तरी नोंदणी अडते. तो दुरुस्त करून घ्यायचा तर गाडी जोडायच्या आधी विक्रेत्याला कळवणं बरं, नंतर कोणी फोन उचलत नाही.

हत्यारं

८ ते २४ मिमीपर्यंतचे सॉकेट आणि रिंग पाने, ॲलन की, फीलर गेज, मल्टिमीटर, स्पोक पाना, ग्रीस, निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सुटू न देणारं द्रव). आणि दोन गोष्टी ज्या लोक टाळतात: ५ ते ८० न्यूटन-मीटरचा पल्ला झाकतील असे टॉर्क पाने, आणि जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रू ड्रायव्हर. जपानी डिझाइनवरून आलेल्या या गाड्यांत कार्बोरेटरचे आणि साइड कव्हरचे चौफुली स्क्रू बऱ्याचदा जेआयएस खाचेचे असतात. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि मऊ स्क्रूचं डोकं गोल करून टाकतो. मग तोच स्क्रू ड्रिलने काढावा लागतो.

जोडणी

हँडल आणि पुढचं चाक बसवणं हेच क्रेटमधल्या जोडणीतलं मुख्य काम. बाकी आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेटचा कंस वगैरे.

पुढच्या चाकाच्या एका बाजूला स्पीडोमीटरचा गिअर असतो. त्याच्या आत दोन पाती आहेत, त्या हबमधल्या खाचांत बसल्या पाहिजेत, आणि बाहेरची खाच फोर्कवरच्या उंचवट्यावर अडकली पाहिजे. बहुतेक जण ॲक्सल घालतात आणि आवळतात. पाती खाचेत नसल्या तर त्या चिरडल्या जातात, चाक किंचित जड फिरतं आणि पहिल्याच किलोमीटरला स्पीडोमीटरचा काटा मरतो. म्हणून ॲक्सलचा नट हाताने लावल्यावर गिअर हळूच पुढेमागे हलवून बघा, तो बसल्याचं बोटांना कळतं. मग ॲक्सल आवळा, गाडी स्टँडवरून काढून पुढचा ब्रेक धरून फोर्क तीन-चार वेळा खाली दाबा, आणि त्यानंतरच फोर्कच्या तळाचे, ॲक्सलला चिमटीत धरणारे पिंच बोल्ट आवळा. उलट क्रमाने केलं तर फोर्कचे दोन पाय एकमेकांना समांतर राहत नाहीत आणि सस्पेन्शन अडकत चालतं.

हँडलच्या क्लॅम्पवर पुढच्या बाजूला खूण असेल तर आधी पुढचे बोल्ट पूर्ण, मग मागचे. सगळ्या केबल आणि वायर लावून झाल्या की इंजिन आयडलिंगवर ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आवाज जरासुद्धा चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. ती चुकीच्या बाजूने गेली आहे. हे रस्त्यावर वळणात कळू देऊ नका.

आता गाडीवरचा प्रत्येक नट-बोल्ट. 'बघून घेतलं' चालणार नाही. एकेक सोडवून, आटे पुसून, टॉर्कने परत. मॅन्युअलमध्ये आकडे नसतील तर साध्या पोलादी बोल्टसाठी ६ मिमीला ८ ते १० न्यूटन-मीटर, ८ मिमीला २० ते २५, १० मिमीला ४० ते ४५ धरा. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टला खालचा आकडा. इंजिन माउंटिंग, ब्रेक डिस्क, कॅलिपर, मागचं स्प्रॉकेट, सायलेन्सर आणि सामानाचं कॅरिअर हे सुटणारे नेहमीचे बोल्ट. तिथे निळं थ्रेडलॉकर लावा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा नसेल किंवा काहीच नसेल तर तो मऊ आहे असं समजा. डिस्क, कॅलिपर आणि स्प्रॉकेटचे बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे घेऊन बदला. हा खर्च फार नाही आणि यावर जीव अवलंबून असतो.

मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटपासून स्विंग आर्मपर्यंत जाणारी एक पट्टी असते, टॉर्क आर्म. तिच्या नटात स्प्लिट पिन आहे का, हे हात लावून बघा. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारताच सगळी प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड गुंडाळला जातो आणि चाक जागच्या जागी लॉक होतं. एका पिनेचा प्रश्न आहे.

मग ग्रीस. कारखान्यात ते नावापुरतं असतं. स्विंग आर्मचा लांब बोल्ट काढा, पुसा, ग्रीस लावून घाला. कोरडा राहिला तर दोन पावसाळ्यांत आतल्या बुशला गंजून चिकटतो आणि करवतीशिवाय निघत नाही. पुढचं चाक उचलून फोर्कचं खालचं टोक पुढेमागे हलवा: टकटक झाली तर हँडलचा कोन, म्हणजे फ्रेमच्या मानेतलं बेअरिंग, सैल आहे. हँडल मध्यावर आल्यावर हलकंसं अडकल्यासारखं वाटलं तर वाहतुकीतल्या धक्क्यांनी छर्ऱ्यांनी रेसवर (बेअरिंगच्या कडीवर) खड्डे पाडले आहेत. नव्या गाडीतही हे दिसतं. तिथे छर्ऱ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग बसवलं की त्या जागेची कटकट संपते. आवळताना ताकद लावू नका: चाक हवेत असताना हँडल सोडलं की ते स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना पडायला हवं, पण टकटक नको.

चाकाची बेअरिंग नंबरवरून मिळतात. ६३०१ म्हणजे १२ मिमी आतला व्यास, ३७ बाहेरचा, १२ जाडी. ६२०२ म्हणजे १५, ३५, ११. जुनी काढल्यावर बाजूला कोरलेला नंबर वाचा आणि नावाजलेल्या कंपनीची, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली घ्या. या वस्तूसाठी गाडीच्या कंपनीच्या मागे लागायची गरज नाही.

बॅटरी आणि वायरिंग

काही गाड्यांबरोबर बॅटरी कोरडी येते आणि ॲसिडची बाटली वेगळी. गॉगल आणि हातमोजे घालून ॲसिड भरा, अर्धा तास तसंच ठेवा, मग क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने चार्ज करा: ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.७ अँपिअर, कित्येक तास. ॲसिड भरलं आणि लगेच सेल्फ मारला तर ती बॅटरी कधीच पूर्ण क्षमतेला येत नाही, आणि सहा महिन्यांनी दोष गाडीला दिला जातो. चार्ज करून काही तास ठेवल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन चालू करून ४ ते ५ हजार फेऱ्यांवर मीटर लावा: १३.५ ते १४.५ ठीक. १५ च्या वर जात असेल तर रेक्टिफायर बॅटरी उकळतोय, १३ च्या खाली असेल तर चार्जिंगच होत नाही.

वायरिंगमध्ये सर्वात जास्त त्रास अर्थिंगचा. फ्रेमला जिथे अर्थची वायर लागते तिथे रंग असतो. नट काढा, रंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, वायर लावून वर थोडं ग्रीस. चालता चालता इंडिकेटर मंद होणं, सेल्फ कधी लागणं कधी न लागणं, असल्या भुताटकीच्या तक्रारींपैकी खूपशा इथेच मिटतात. प्रत्येक जोड उघडून आतली पिन मागे सरकली नाही ना बघा, डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा आणि परत जोडा. गाडी अचानक बंद पडली आणि स्पार्क येत नसेल तर सीडीआयवर पैसे घालण्याआधी साइड स्टँडचा आणि क्लचचा स्विच तपासा.

कार्बोरेटर

उत्सर्जनाच्या चाचणीत पास व्हायला या गाड्यांना कमी पेट्रोलवर लावलेलं असतं. लक्षणं ओळखू येतात: चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागतो, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट होते, फेऱ्या खाली यायला वेळ लावतात, एकाच वेगाने जाताना गाडी हलकेच पुढेमागे ओढते. इंजिन यामुळे जास्त तापतं, म्हणून दुर्लक्ष करू नका.

जेटला (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या स्क्रूला) हात लावण्याआधी हवेची गळती शोधा. इंजिन आयडलिंगवर असताना कार्बोरेटर आणि हेडमधल्या जोडावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारा. फेऱ्या बदलल्या तर तिथून हवा आत जातेय. ओ-रिंग किंवा फ्लँज बदला. ही गळती असताना जेट मोठा केला तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि नंतर काहीच जुळत नाही.

गळती नसेल तर क्रम असा. आयडलिंगचा मिक्श्चर स्क्रू आधी. तो पितळी टोपणाखाली दडवलेला असू शकतो. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा आहे, बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, आत फिरवला की पेट्रोल वाढतं. पूर्ण बंद करून दीड ते अडीच फेरे बाहेर, या पल्ल्यात आयडलिंग सर्वात वर जाईल ती जागा सापडते. पेट्रोलचा स्क्रू अडीच फेऱ्यांच्याही पुढे न्यावा लागला तर पायलट (आयडलिंगचा) जेट एक नंबर मोठा हवा. मधल्या ॲक्सिलरेटरला त्रास असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर येते. सुईला एकच खाच असेल तर क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर. मेन जेट सर्वात शेवटी, पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी दमत असेल तरच, आणि एका वेळी एकच पायरी.

नवा प्लग लावून थोडी चालवा, क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. फिकट तपकिरी उत्तम, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळी काजळी म्हणजे जास्त. सीजी पद्धतीच्या इंजिनात बहुधा डी८ईए प्लग बसतो. ०.६ ते ०.७ मिमी गॅप ठेवा. टाकी आणि कार्बोरेटरमध्ये पाच-सहा मिमीच्या चांगल्या पेट्रोल पाइपबरोबर एक लहानसा फिल्टर घाला. नव्या टाकीतून रंगाचे कण आणि वेल्डिंगची बुकटी येते, ती फ्लोटच्या सुईखाली अडकली की कार्बोरेटर ओसंडून वाहतो.

पहिले हजार किलोमीटर

क्रेटमधून आलेलं ऑइल इंजिन सुरू करण्याआधीच काढून टाका. काही इंजिनांत ते वाहतुकीपुरतं भरलेलं असतं, आणि कोणत्या ग्रेडचं आहे हे तपासण्यात अर्थ नाही. भरायचं ते मोटारसायकलचं, जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं, १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०. क्लच याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, त्यामुळे घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं कारचं ऑइल वापरलं की तो घसरायला लागतो. सीजी इंजिनात साधारण एक लिटर मावतं, पण गेजवर किंवा काचेत बघूनच थांबा.

पुढे १०० किलोमीटरला, मग ५०० ला, मग १००० ला बदला. पहिल्या ऑइलमध्ये राखाडी चकाकी दिसणं नेहमीचं आहे. नखात अडकेल असा तुकडा दिसला तर मात्र थांबा. बऱ्याच इंजिनांत कागदी फिल्टर नसतो. खालच्या मोठ्या टोपणामागे स्प्रिंग आणि जाळी असते, ती दर वेळी धुवा. जाळीवर काळ्या रबरासारखे धागे सापडले तर ते बहुधा कारखान्यात सढळ हाताने लावलेलं सीलंट आहे.

चालवताना एका वेगाने लांब जाऊ नका, चढउतार असू द्या. पूर्ण ॲक्सिलरेटर ५०० किलोमीटरपर्यंत टाळा, पण इंजिनाला रडवत वरच्या गिअरमध्येही ओढू नका. नवे ब्रेक पॅड बसायला मध्यम वेगावरून वीस-तीस वेळा हळू ब्रेक लावा, पूर्ण न थांबता. लिव्हर स्पंजसारखा लागला तर हवा काढा. ब्रेक ऑइलचा प्रकार मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेला असतो, बहुधा डॉट ४.

५०० ला टॅपेट. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. मॅग्नेट फिरवून 'टी'ची खूण जुळवा आणि दोन्ही रॉकर हाताने हलतायत का बघा. न हलल्यास एक फेरा आणखी फिरवा, कारण तुम्ही चुकीच्या स्ट्रोकवर आहात. मॅन्युअलमधला आकडा पाळा. तो मिळत नसेल तर सीजी घराण्यात ०.०८ मिमी धरा: ०.०५ ची पट्टी सहज गेली पाहिजे, ०.१० ची जाता कामा नये. आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट घट्ट करणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. थोडी टिकटिक असू द्या. घट्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते.

स्पोक १०० ला आणि ५०० ला. पाना हलकेच प्रत्येक तारेवर वाजवा. खणखणीत आवाज घट्ट, बोदा आवाज सैल. एका वेळी निपलचा पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि सगळं चाक एकदा फिरून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. रिमचं डोलणं बाजूला किंवा वरखाली २ मिमीपेक्षा जास्त नको.

गाडीबरोबर आलेली चेन लवकर ताणते. ढिलाई दोन स्प्रॉकेटच्या मधोमध मोजायची, चाक फिरवून सर्वात घट्ट जागी. रस्त्याच्या गाडीला २५ ते ३५ मिमी, लांब सस्पेन्शनच्या गाडीला ३५ ते ४५. दर आठवड्याला आवळावी लागत असेल तर तिच्यामागे वेळ घालवू नका. ४२८ किंवा ५२० जो नंबर असेल त्याचीच ओ-रिंग चेन दोन्ही स्प्रॉकेटसकट बसवा. त्याच वेळी गिअरिंग सुधारता येतं. पुढे १५ ऐवजी १६ दात केले की त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या साधारण ६ टक्क्यांनी उतरतात. चढणीवर दम कमी पडेल, तेव्हा तुमचा रस्ता बघून ठरवा. मोठं स्प्रॉकेट कव्हरला घासत नाही ना, हेही हाताने फिरवून पाहा.

टायरबद्दल थोडक्यात: बरोबर येणारे कडक असतात, पावसात घसरतात, त्यांच्यावर विश्वास ठेवून वळू नका.

पुढची वर्षं

एक वही करा आणि गाडी नवी असतानाच भरा: इंजिन कोड, बेअरिंग नंबर, चेनचा नंबर आणि कड्या, दोन्ही स्प्रॉकेटचे दात, क्लच आणि ॲक्सिलरेटर केबलची आतली-बाहेरची लांबी, ब्रेक पॅडचा समोरून काढलेला फोटो आणि जाडी, कार्बोरेटरवरचा नंबर. पीझेड२७ किंवा पीझेड३० असं लिहिलेलं असेल तर पुढचा आकडा तोंडाचा व्यास आहे. तीन वर्षांनी मॉडेलचं नाव कोणाला आठवणार नाही, मापं मात्र कोणत्याही दुकानात चालतात.

घरात ठेवायचं स्पेअर: एक क्लच केबल, क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, दोन्ही मापांच्या ट्यूब, दोन प्लग, कार्बोरेटरचा गॅस्केट सेट, रेक्टिफायर आणि सीडीआय. सीडीआय घेताना डोळे उघडे ठेवा. बॅटरीवर चालणारा डीसी आणि मॅग्नेटच्या कॉइलवर चालणारा एसी, दोन्ही एकाच आकाराच्या डब्यात आणि दिसायला सारख्याच प्लगसह मिळतात, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नुसता कनेक्टर जुळला म्हणून घेऊ नका. किल्ली चालू करून इंजिन बंद असताना जुन्या कनेक्टरवर मीटर लावा: एखाद्या पिनवर १२ व्होल्ट असतील तर गाडी डीसी आहे. नवा आणला की लगेच लावून गाडी दहा मिनिटं चालवा, मग काढून डब्यात ठेवा. खराब निघाला तर परत करायची मुदत तोवर संपलेली नसते.